परबकाकांच्या नळीचा ठराव

"मी फॅमिली मीटिंग बोलावली होती. एवढी माणसं?"

"सगळी फॅमिलीच आहे, मॅडम," सतीश परब म्हणाला.

लालबागच्या आमच्या केअर होमच्या हॉलमध्ये परबांची निम्मी चाळ खुर्च्या ओढून बसली होती. मधोमध व्हीलचेअरवर सतीशचे वडील, परबकाका. पार्किन्सनचा शेवटचा टप्पा. गिळताना ठसका लागायचा. मी इथली पॅलिएटिव्ह डॉक्टर, म्हणजे आजार हटत नसेल तेव्हा निदान त्रास कमी करणारी. प्रश्न एकच होता: नाकातून पोटात जाणारी फीडिंग ट्यूब घालायची की नाही?

मी समजावलं. नळीने पोटात अन्न जातं. पण ती टोचते, माणूस उपटून काढतो, मग त्याचे हात बांधायची वेळ येते. एवढं करून अन्न छातीत जाण्याचा धोका राहतोच.

चाळीचे सेक्रेटरी उठले. "ठराव मांडतो. काकांना उपाशी ठेवणं चाळीला शोभत नाही. नळी घालावी."

"अनुमोदन!" मागून आवाज आला.

"अहो, हे मतदानाने नसतं ठरवायचं!"

"मॅडम, आमच्याकडे पाण्याच्या टाकीपासून लग्नापर्यंत सगळं असंच ठरतं."

धडाधड हात वर झाले. माझ्या नर्सनेही भरात हात वर केला. मी डोळे वटारल्यावर ती त्याच हाताने केस सारखे करू लागली.

तेवढ्यात व्हीलचेअरच्या ट्रेवर चमचा आपटला. काका कित्येक वर्षं याच चाळीचे अध्यक्ष होते. आता आवाज पार बारीक झालेला. सगळे पुढे वाकले.

"मी... अजून... सभासद आसंय."

मी त्यांच्याजवळ बसले. "काका, तुम्हाला काय हवंय?"

"नळी नको. पेज... आनि बांगड्याची कढी."

"बाबा, ठसका लागून जीव जाईल हो!"

"जावंदे. उपाशी तरी जावचो नाय."

सतीश रडायला लागला. सेक्रेटरी खाकरले आणि म्हणाले, "ठराव मागे."

मग आम्ही काकांना ताठ बसवून दाटसर पेज आणि कढी चमच्याचमच्याने भरवली. ठसका लागला की थांबायचं. पुढे छातीत संसर्ग झाला, तेव्हा त्यांच्याच मर्जीने हॉस्पिटलला हलवलं नाही. धाप कमी करणारं औषध दिलं. काका शांतपणे गेले, सतीशचा हात धरून.

आता मीटिंगला कितीही माणसं येवोत, पहिलं बोलणं पेशंटचं. मीटिंग लवकर आटपते. चहा मात्र सगळ्या चाळीला द्यावाच लागतो.