काकांचे रबरी मासे आणि माझं नाक

आमच्या शेजारच्या काकांना वास अजिबात येत नसे, आणि त्यांचा सगळा दिवस वास तयार करण्यात जात असे. तरुणपणी एका तापात त्यांचं नाक गेलं ते परत आलं नाही. दूध करपून पातेलं काळं पडलं तरी त्यांना पत्ता नसायचा. पण मासे पकडायच्या रबरी माशांना कोणता वास लावावा, यावर ते अर्धा तास सहज बोलत. माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायकांनी त्यांचं नाव ‘वासवाले काका’ ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं.

खांदा कॉलनीत तळमजल्यावर माझं पोळीभाजी केंद्र आहे, त्याला लागून त्यांचा फ्लॅट. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन उरणला. रोज अकराला, डबे भरायच्या ऐन घाईत, काका स्टीलची वाटी घेऊन माझ्या दारात उभे राहत. वाटीत बोटभर लांबीचे दोन-तीन मऊ, चकचकीत मासे. नुसतं हलवलं तरी शेपटी जिवंत असल्यासारखी थरथरायची. वरच्या मजल्यावरचा बोटीवर नोकरी करणारा मुलगा ते सिंगापूरहून आणून देई.

“ताई, जरा वास घ्या.”

मी वाटीला नाक लावायचं आणि त्यांनी माझा चेहरा वाचायचा. मी तोंड वाकडं केलं तर प्रयोग बरा, डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम. तोंडाने मी काय सांगते याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. एकदा घाईत मी न हुंगताच “छान” म्हटलं, तर ते वाटी तशीच धरून आमटी उतू जाईपर्यंत उभे राहिले.

रबराला वास लावून मासा फसतो, हे मला आधी पटलं नव्हतं. तेव्हा त्यांनी समजावलं, “मासा वासाने येत नाही हो. तो शेपटीची हालचाल बघून झडप घालतो. पण तोंडात रबर आलं की लगेच थुंकतो. वास लावला की त्याला वाटतं, असेल बुवा खरं. मग दोन क्षण जास्त धरून ठेवतो. आपल्याला तेवढेच दोन क्षण पाहिजेत.” हे मात्र मला समजलं. नवीन गिऱ्हाईक पहिल्या डब्यानंतर टिकतं ते याच हिशेबाने.

लसूण झाला, बडीशेप झाली, माशाच्या तेलाच्या गोळ्या टाचणीने फोडून झाल्या. एकदा मी बाजारात गेलेली असताना त्यांनी माझ्या मिक्सरमध्ये सुकट दळली. दुसऱ्या दिवशी खोबऱ्याच्या चटणीपायी शाकाहारी गिऱ्हाइकांचे चार डबे परत आले. मी त्यांना स्वतःचा मिक्सर घ्यायला लावला. साबणाला ते शिवत नसत. साबणाचा वास पाण्यात उतरला की मासा त्या बाजूला फिरकत नाही, असं त्यांचं मत होतं. खाडीवर निघण्यापूर्वी ते माझ्याकडून चिमूटभर बेसन मागून घेत आणि शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धूत.

एवढं करून त्यांच्या गळाला लागायचा शिंगाळा. शिंगाळ्याला जगात कशाचंच वावडं नाही. काकांना हवा होता खाडीतला मानाचा मासा, जिताडा.

त्याला कारण होतं. मुलीचे, दीपाचे, सासरे उरणचे कोळी. स्वतःची होडी असलेले, सगळे त्यांना नाखवाच म्हणत. लग्नाच्या पंगतीत काकांनी हौसेने खिशातून रबरी मासा काढून व्याह्यांना दाखवला. नाखवांनी तो चिमटीत धरला, ताणला आणि म्हणाले, “व्याही, जिताड्याला जिती कोलंबी लागते. रबर चोखायला तो काय तान्हा पोर हाय?”

पंगत हसली. काका लाल झाले. म्हणाले, “तुम्ही माझ्या घरी पहिल्यांदा जेवाल, ते याच रबरावर पकडलेल्या जिताड्याचं.”

“ठरला,” नाखवा म्हणाले. “तवर मी तुमच्या घरचा पानी पन पिनार नाय.”

थट्टेत दिलेला शब्द दोघांनी दोन वर्षं पाळला. नाखवा पनवेलच्या बाजारात यायचे, सुनेच्या वडिलांसाठी पापलेटांची पिशवी आमच्या गेटवर ठेवायचे आणि आत न येता जायचे. काका ती पिशवी घेऊन गेटवरूनच हात जोडायचे. मग दीपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं म्हणणं सरळ होतं. नातवंड बघायला सासरे येणार, दारात उभे राहून बाळ बघणार आणि घोटभर पाणी न पिता निघून जाणार. हे तिला सासरी आयुष्यभर ऐकावं लागणार. तिने बापाला निक्षून सांगितलं, जिताडा आणा नाहीतर माफी मागा. काका माफी मागणाऱ्यांतले नव्हते.

त्याच दिवसांत एकदा काकांना बँकेत जायचं होतं, म्हणून वाटी दीपा घेऊन आली. मी सवयीने नाक लावलं. लसूण होता, सुकट होती आणि त्या दोन्हींच्या वर काकांचा वास होता. काका समोर असले की तो यायचाच. गुडघ्याला चोळायच्या मलमाचा, डोक्यात जाणारा. पण त्या दिवशी काका समोर नव्हते. मी वाटी परत हुंगली.

ते आल्यावर मी विचारलं, “काका, तुमच्या माशांचे गुडघे दुखतात का?”

सगळं ऐकून ते पिठाच्या डब्यावर बसले. रोज सकाळी आधी मलम चोळायचं आणि मग त्याच हातांनी मासे मळायचे, असा त्यांचा क्रम. बेसनाने हात धुवायचे ते निघताना.

“किती दिवसांपासून येतोय हा वास?”

“मी तुम्हाला ओळखते तेव्हापासून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“मला वाटलं, तो तुमचा आहे.”

त्यांनी सगळे जुने मासे फेकून दिले, एक न फोडलेलं पाकीट ठेवलं आणि मलम बंद केलं. पुढचे तीन आठवडे ते भिंत धरून चालले. स्कूटरला किक मारताना ओरडत, ते आम्हाला आतपर्यंत ऐकू येई. दीपाला मुलगी झाली. येत्या रविवारी बघायला येतो, असा नाखवांचा निरोप आला. आदल्या दिवशी सकाळी काका ओहोटी साधून खाडीच्या बांधावर गेले. बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. शेतातलं पाणी तिथून खाडीत उतरतं आणि लहान माशांच्या आशेने जिताडा तोंडाशी थांबतो.

दुपारी ते माझ्या दारात आले तेव्हा हातात वाटी नव्हती, ओलं पोतं होतं. त्यांनी पोत्याचं तोंड उघडलं. आत हातभर जिताडा.

“वास घ्या.”

“माशाचा येतोय.”

“फक्त माशाचा?”

“फक्त.”

रविवारी माझं केंद्र बंद असतं. काकांना वरणभातापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात कालवण मी केलं, भांडी त्यांचीच. ते दर पाच मिनिटांनी येऊन वास कसा सुटलाय ते विचारत. मला वर्णन करता येत नाही. मी म्हटलं, शेजारी खिडक्या उघडताहेत, त्यावरून काय ते समजा.

नाखवा आले, नातीला बघितलं आणि पाट बघून थबकले. दीपाने ताट मांडलं. त्यांनी मासा बोटाने दाबून पाहिला, मग पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. काका माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “थुंकला नाही.” मग नाखवांनी दुसरा घास घेतला.

“धरलंन,” काका म्हणाले.

ताट संपवून नाखवांनी पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले आणि उठताना रबराचं पाकीट बघायला मागितलं.

गुडघे पुढे फारच बिघडले तेव्हा काका फ्लॅट बंद करून लेकीकडे उरणला गेले. मलम पुन्हा सुरू झालं असेल, विचारलं नाही. चार वर्षांनी तिथेच वारले. मी तेराव्याला जाऊन आले. अकराच्या घाईत माझे डबे त्यानंतर वेळेवर निघतात.

परवा मात्र निघाले नाहीत. दारात नाखवा उभे होते, खूपच थकलेले, हातात तीच स्टीलची वाटी.

“ताई, वास घ्या,” ते म्हणाले. “आमच्या व्याहींनी सांगून ठेवलाय, तुमाला दाखवल्याबिगर पान्यात टाकायचा नाय.”

मी वाटीला नाक लावलं. लसूण होता, सुकट होती आणि वर तोच, डोक्यात जाणारा वास होता. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि बेसनाचा डबा पुढे केला.

“नाखवा, आधी हात धुवा.”