धाड रोडवरचा पूल आणि माझ्याच आवाजातली नोंद

भुताखेताची बातमी आली की आमच्या डेस्कवर ती माझ्याकडे सरकवली जायची, कारण मी ती हमखास मारायचो. कोणी पाहिलं, किती वाजता, किती अंतरावरून... एवढे तीन प्रश्न विचारले की बहुतेक बातम्या तिथेच संपायच्या. एकोणीस वर्षं हे काम केलं. आता जे लिहितोय, त्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. तरी बातमी संपत नाही.

वर्तमानपत्राचं बुलढाण्याचं कार्यालय बंद झालं. आठ महिने घरी होतो. मुलगी बारावीला. हेवी लायसन्स जुनं होतं, वडिलांचा ट्रक होता तेव्हाचं. मागच्या जूनमध्ये एका खासगी शाळेच्या बसवर ड्रायव्हर हवे होते. पहिला दिवस ओरिएंटेशनचा. आम्ही दोघंच नवीन... मी आणि धाडच्या वनिता गवई. त्या आधी स्वतःची जीप चालवायच्या. शिकवायला रहीमचाचा, निवृत्त एसटी चालक. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, शेजारच्या सीटलाही ब्रेक असलेली.

चाचांची एक पद्धत आहे. नव्या ड्रायव्हरने बोलत गाडी चालवायची. समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. बैलगाडी, वळण, शाळकरी पोरं, कुत्रं, सगळं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असतं आणि चाचा पॅडवर टिपण करतात. नियम एकच : रस्त्यावरचा माणूस ज्याच्या बोलण्यातून सुटला, तो घरी.

बुलढाण्याहून धाडपर्यंत वनिताताईंनी चालवली. परत येताना मी. सकाळचे सव्वादहा. ऊन स्वच्छ. वनिताताई मागच्या सीटवर.

मी सुरुवात केली तसे चाचा हसले. "भाऊ, गाडी चालवून राह्यले का बातम्या वाचून राह्यले? जरा माणसासारखं बोला ना!"

मागून वनिताताई म्हणाल्या, "चालू द्या, चाचा. हवामानबी सांगतीन आता."

धाड सोडून काही किलोमीटरवर एक छोटा पूल आहे. दोन्ही बाजूंना कमरेएवढा सिमेंटचा कठडा. मला जे आठवतं ते असं : मी म्हणालो, "पुढे पूल. डावा कठडा रिकामा. समोरून वाहन नाही." पुलापासून अंतर साधारण चाळीस मीटर. वेग पंचेचाळीस.

चाचांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी कचकन थांबली.

"आंधळे झाले का बे!" चाचा ओरडले. मग खिडकीतून हात बाहेर काढून रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "जा बाबा, जा. हळू जा." त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेली. मी ती नजर जिथे होती तिथेच पाहत होतो. डांबर होतं. उजव्या बाजूचं बाभळीचं झाड होतं. दुसरं काही नव्हतं.

"कोणाला सांगताय, चाचा?"

"म्हाताऱ्याले! कठड्यावरून उठून सरळ गाडीसमोर आला अन् तुम्ही म्हणता रिकामा?"

मी मागे वळलो. वनिताताईंच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. "होता ना भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमले काऊन नाही दिसला?"

चाचांनी पुढे स्वतः गाडी घेतली. नोकरी गेली हे मला कळलं होतं. शाळेच्या आवारात गाडी लावून चाचांनी रेकॉर्डिंग ऐकायला लावलं. माझी चूक मलाच ऐकवायची, एवढाच हेतू होता.

माझा आवाज. बैलगाडी, वळण, पिवळा ट्रॅक्टर... सगळं आठवणीप्रमाणे. मग हे : "पुढे पूल. डाव्या कठड्यावर म्हातारा बसलेला. पांढरा सदरा, खाकी पिशवी. डाव्या पायात चप्पल नाही. तो उठतोय. वेग कमी करतो."

त्यानंतर टायरचा आवाज. मग चाचांचं "आंधळे झाले का बे". मग "जा बाबा, जा".

चाचांनी ते चार वेळा ऐकलं. पॅड माझ्यापुढे धरलं. त्यांच्या अक्षरात होतं : कठडा रिकामा म्हणाले, चूक.

"मी माझ्या कानानं ऐकलं," ते म्हणाले. "अन् पायात चप्पल नाही, हे तर मीबी पाह्यलं नव्हतं."

"नव्हती, चाचा," वनिताताई हळूच म्हणाल्या. "डावा पाय उघडाच होता."

चाचांनी पेनचं टोपण काढलं. मग माझ्याकडे पाहिलं. "शाळेले रेकॉर्डिंग पुरते. पण तुम्ही सांगा, भाऊ. दिसला का नाही दिसला? तुम्ही म्हणाल ते लिहितो."

मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, हे लपवत नाही.

"दिसला," मी म्हणालो.

चाचांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली. मी खाली सही केली. न पाहिलेलं पाहिलं म्हणून दिलेली माझी ती पहिली नोंद... की पाहिलेलं होतं आणि आठवण खोटी? तेच ठरत नाही.

त्याच आठवड्यात डोळे तपासले. निर्दोष. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, त्यात कुठे तोड नाही. पुलाजवळच्या वस्तीवर दोनदा चौकशी केली. अशा वर्णनाचा माणूस कोणाला माहीत नाही, पुलावर कोणी अपघातात गेल्याचंही ऐकिवात नाही.

आता तोच रस्ता रोजचा आहे. बसमध्ये एकतीस मुलं असतात. मी अजूनही बोलत चालवतो, मोबाइल चालू ठेवून. संध्याकाळी ऐकतो आणि आठवणीशी ताडून पाहतो. अजून तरी दोन्ही जुळतात. ज्या दिवशी जुळणार नाहीत त्या दिवशी चाचांना खरं सांगायचं आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायची, एवढं ठरवलंय.

पुलाजवळ मी बस पूर्ण थांबवतो. कठडा रिकामा असतो. मुलं विचारतात, "काका, इथं काऊन थांबता?" मी हात बाहेर काढून जायची खूण करतो. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला लागेल तेवढा वेळ मोजतो, आणि मग निघतो.