दोन घरं गडद

रंगाच्या दुकानात काउंटरमागे बसणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे नजरसाहेब म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं होतं. गिऱ्हाइकाने शेड कार्डवर बोट ठेवलं की साहेब नाक मुरडत. छापील कार्ड आंधळ्यांसाठी असतं, असं त्यांचं ठाम मत.

ते स्वतः रंग निवडत कॉम्प्युटरवर, कंपनीच्या साइटवरून. पांढरा पडदा डोळ्यांना खुपतो म्हणून त्यांनी ब्राउझरमध्ये डार्क मोडचं एक्स्टेंशन टाकलं होतं. ते प्रत्येक पान काळं करायचं आणि पानाबरोबर रंगांचे चौकोनही गडद करायचं. एखाद्या शहाण्याने रंग बघण्यापुरतं ते बंद केलं असतं. साहेबांनी आडाखा बांधला: दिसतो त्यापेक्षा खरा रंग दोन घरं फिकट, म्हणून नंबर दोन घरं गडद टाकायचा. आठ वर्षं आडाखा जमला, आणि त्यालाच ते नजर म्हणू लागले.

मुलगी दातांची डॉक्टर झाली. तिचा दवाखाना सोमवारी उघडायचा होता. नवा दात शेजारच्या दाताशी रंगाने जुळवायचा तर भोवतालच्या भिंती फिकट राखाडी लागतात, म्हणून तिने कार्डवरून एक नंबर निवडून आणला. साहेबांनी तो बघितलासुद्धा नाही.

"दात तू बघ, भिंती मी बघतो," म्हणाले.

त्याच आठवड्यात साइटने स्वतःची डार्क थीम आणली होती. तशी पाटी पानावर झळकत होती, पण पाट्या वाचणं साहेबांच्या शानेत बसत नव्हतं. साइट आधीच काळी आहे हे ओळखून एक्स्टेंशन तिथे गुपचूप बंद पडलं. पान काळंच, चौकोन मात्र आता खरे. पठ्ठ्याने सवयीप्रमाणे दोन घरं गडद नंबर टाकला, आणि डबे कारखान्यातून थेट दवाखान्यात गेले.

तिथला पेंटर जाड भिंगांचा चष्मा लावायचा, म्हणजे साहेबांच्या लेखी अर्धा आंधळा. पहिली भिंत मारून त्याने फोन केला की रंग फारच गडद वाटतोय. साहेबांनी त्याला झापलं, वाळला की उतरेल म्हणून. तीस वर्षं भिंती रंगवणाऱ्याला हे सांगायला अक्कल अगदीच गहाण टाकलेली असावी लागते. हा रंग वाळला की आणखी चढतो.

शनिवारी भिंती पाटीसारख्या काळपट झाल्या होत्या. साहेबांनी आधी बल्बला दोष दिला, मग प्रायमरला, मग पेंटरच्या चष्म्याला. मुलीने आपल्या फोनवर साइट उघडून डब्यावरचा नंबर दाखवला. फोनवर जो रंग, तोच भिंतीवर.

साहेब तरातरा दुकानात गेले. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक्स्टेंशनची खूण विझलेली होती. त्यांनी ते हाताने चालू केलं, चौकोन काळवंडले. बंद केलं, उजळले. सगळं कळलं. तरी परत येऊन हा माणूस म्हणाला, की कंपनीने साइट बिघडवली.

मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला शाळेत असल्यापासून खरंच वाटायचं, की तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त दिसतं," ती म्हणाली, आणि कार्ड तिने पेंटरच्या हातात दिलं. "काका, हा नंबर चालेल ना?"

पेंटरने कार्ड खिडकीशी नेलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि मान डोलावली.

रविवारी पेंटर शिडीवर होता आणि साहेब शिडी धरून खाली. दुसरा हात जरा पातळ मारावा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. पेंटरने मुलीकडे बघितलं. ती नको म्हणाली.