गंध: नाही

माझी ताई पाण्याच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. तिथे तिला सगळे 'नाकवाल्या बाई' म्हणतात. बाटलीचं बूच काढून ती एकदा हुंगायची आणि पाण्यात काय मिसळलंय ते यंत्राच्या आधी सांगायची. या नाकाचा तिला भलताच तोरा. मी तिची धाकटी बहीण, राहते खालच्याच मजल्यावर, त्यामुळे तो तोरा सर्वांत जास्त मीच सोसला.

घरीही ती स्वस्थ बसत नसे. स्वयंपाकघरात खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही होती. तिच्यात रोजच्या वस्तूंच्या वासाच्या जोराला ती दहापैकी गुण द्यायची. साबण, कॉफी, इस्त्रीचे कपडे, भावजींचे मोजेसुद्धा. मोज्यांनी कधी पहिला नंबर सोडला नाही. शेजारी तिचे शेरे: 'मोजे धुतले. फरक आढळला नाही. प्रयोग पुन्हा करावा.' जेवताना आम्ही ते मोठ्याने वाचायचो आणि भावजींसकट सगळे पोट धरून हसायचो.

गेल्या तीन वर्षांत मात्र सगळ्यांचेच गुण उतरत गेले. साबण आठावरून तीनवर आला, कॉफी दोनवर. ताईने आलेख काढला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बाजाराची घसरण'. साबणवाल्यांना दोन खरमरीत पत्रं धाडली. मोजे चारवर आले तेव्हा नवरा सुधारला म्हणून त्याचं कौतुकही केलं. आजकाल कशातच काही राम उरला नाही, असं म्हणत मीही मान डोलवत होते. इतकी मी शहाणी.

परवा रविवारी सकाळी मी वाटीभर साखर मागायला वर गेले. दार उघडंच होतं. उंबऱ्यातच गॅसच्या वासाने माझं डोकं गरगरलं. ताई शेगडीपाशी उभी होती. एका हातात लायटर, दुसऱ्या हातात पेन्सिल. चहाच्या पुडीला ती एक गुण देत होती. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. धावत जाऊन मी तिच्या हातातला लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मग तिला नाही नाही ते बोलले.

"कसला वास?" तिने विचारलं.

ती थट्टा करत नव्हती.

ताईने वही ओढली आणि एकेक पान मागे उलटत गेली. शेवटी म्हणाली, "मी बाजार मोजत बसले. मोजायचं साधन तपासलंच नाही."

जीव वाचला ते बघ, डॉक्टरांकडे जाऊ, असं मी सांगत होते. तिचं लक्षच नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता. प्रयोगशाळेची किल्ली घेऊन तिने मला तशीच बाहेर काढलं.

तिथल्या फ्रिजमध्ये शनिवारी तपासलेल्या बारा बाटल्या होत्या. कागदावर बारा वेळा 'गंध: नाही' आणि खाली दोन सह्या, पहिली ताईची. नियमाप्रमाणे दोघांनी वेगवेगळं हुंगायचं असतं. पण नाकवाल्या बाईंनी हुंगल्यावर आपण कशाला, म्हणून दुसरे साहेब नुसतीच सही करत. हे ताईच आम्हाला कौतुकाने सांगायची.

पाणी कोमट करून, कुठलं ते न सांगता, ती एकेक बाटली माझ्यापुढे धरत गेली. सात बाटल्यांना काही नव्हतं. आठवीचं बूच निघताच मी तोंड फिरवलं. तुंबलेल्या गटाराचा वास. ताईने ती हुंगली. डोळे मिटून पुन्हा हुंगली.

"ओलसर लागतं," ती म्हणाली. "एवढंच."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, शाळेची टाकी.

उरलेल्या चार बाटल्यांना काही वास नव्हता. ताईच्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. मी निलाजरेपणाने सुचवलं, की एवढी एकच बाटली चुकली म्हणून सांग, बाकीचं कोणाला कळतंय? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. तिने फोन उचलला. आधी मुख्य साहेबांना सांगितलं, की शाळा भरायच्या आत टाकी बंद करा. मग स्वतःचं सांगितलं, आणि तीन वर्षांच्या आपल्या सगळ्या सह्या रद्द धरायला सांगितल्या.

पलीकडून साहेब काहीतरी समजावत होते. जुन्या बाटल्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ, असं काहीसं मला ऐकू आलं.

"बाटल्या नाहीत, साहेब," ताई म्हणाली. "ते पाणी लोकांनी पिऊन टाकलंय."