फळ्यावर आलेला निरोप

शाळेत त्यांना सगळे भूमितीच्या बाई म्हणत. तीस वर्षं खडूने वर्तुळं काढून त्यांचा हात इतका बसला होता, की कंपास न घेता काढलेलं वर्तुळही कुठे पोटात गेलेलं नसे. त्या चौपन्न वर्षांच्या असताना शाळेने वर्गावर्गातले काळे फळे काढून टाकले आणि बोटाने चालणारे मोठे पडदे बसवले. प्रत्येक वर्गाला संगणक देणं परवडत नव्हतं, म्हणून शिक्षकांनी आपापला फोनच पडद्याला जोडायचा, असं ठरलं.

लेकीने बाईंना आठवडाभर धडे दिले. "आई, जोडायच्या आधी फोनवरचे निरोप बंद करायचे. नाहीतर मावशीच्या गप्पा अख्खा वर्ग वाचेल." बाईंनी ते डायरीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं, आणि तीन महिने न चुकता पाळलंही होतं.

त्या गुरुवारी मात्र त्यांनी ते मुद्दाम पाळलं नाही.

कारण असं होतं. आठ दिवसांपूर्वी मीटिंग आहे असं घरी सांगून त्या एकट्याच दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. छातीत एक गाठ लागत होती. डॉक्टरांनी सुई घालून नमुना घेतला आणि गुरुवारी दुपारनंतर फोनवर कळवू म्हणाले. तेव्हापासून बाईंचं कशात लक्ष नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं, वह्या तपासताना बरोबर उत्तरावर फुली गेली. निरोप बंद केले आणि डॉक्टरांचा निरोप कळलाच नाही तर? दुपारनंतरच येणार आहे, दुसरा तास तर अकरालाच संपतो, असा त्यांनी हिशेब केला आणि फोन तसाच जोडला.

नववीचा वर्ग. पडद्यावर वर्तुळ, त्याला एकाच बिंदूत टेकलेली स्पर्शिका. एक मुलगा बोटाने तो बिंदू फिरवत होता आणि रेघ वर्तुळाला सोडत नव्हती. मुलं गमतीने बघत होती. तेवढ्यात टिंग वाजलं आणि वर्तुळाच्या डोक्यावर एक पट्टी सरकत आली.

'रिपोर्ट आला आहे. उद्या सकाळी दहाला...'

ती पुसायला बाईंनी झटकन बोट लावलं. पट्टी जायच्याऐवजी उघडली आणि पडदाभर पसरली. वर आठ दिवसांपूर्वीचा निरोप, 'गाठीचा नमुना तपासणीला पाठवला आहे.' खाली आताचा, 'उद्या सकाळी दहाला भेटा. येताना घरच्या कोणाला तरी सोबत आणा.'

त्रेचाळीस मुलांनी ते वाचलं. बाईंनीही तिथेच, त्यांच्याबरोबरच, पहिल्यांदा वाचलं. सोबत कोणाला तरी आणा. टेबल धरून त्या उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने न विचारता उठून भिंतीवरचं बटण बंद केलं.

"वह्या काढा," बाई म्हणाल्या. "आकृती हातानेच काढा. मी सांगते तसं."

उरलेली दहा मिनिटं त्यांनी प्रमेय तोंडी सांगितलं. वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज होता.

घंटा झाल्यावर ती मुलगी टेबलाजवळ आली. ती बाईंच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायची. "बाई, मी घरी नाही सांगणार."

"तू नाही सांगणार गं. पण बाकीचे बेचाळीस जण?" बाई म्हणाल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा लिहून निघाल्या. बातमीला पाय फुटायच्या आत नवऱ्याला आपल्या तोंडून कळायला हवं होतं.

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून तो एका चाकावर वाकला होता. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने भिंग काढलं.

"आठ दिवस एकटीने काढलेस," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यावर रुसलीयेस."

"अहो, काही नसतंच निघालं तर उगाच तुमच्या जिवाला घोर कशाला, म्हणून."

"आणि निघालं तर?"

बाईंनी फोन काढून डॉक्टरांचा निरोप त्याच्यापुढे धरला.

"उद्या दहाला ना? दुकान उद्या बंद," तो म्हणाला. रात्री लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग निरोप बंद का केले नाहीत म्हणून आईवरच चिडली.

गाठ वाईट निघाली, पण लहान होती आणि लवकर सापडली होती. ऑपरेशन झालं. सात आठवडे घरी राहायचं होतं. नववीला तोवर भूगोलाचे सर भूमिती शिकवत होते आणि मुलांचे हाल कुत्रं खात नव्हतं. चौथ्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन आला, "बाई, झेपेल का बघा. घरी बसूनच शिकवता येईल, तुम्ही तिकडे पडद्यावर दिसाल."

बाई रात्रभर तळमळल्या. आपला ओढलेला चेहरा तेवढा मोठा होऊन भिंतीवर दिसणार, पोरं घाबरली तर? सकाळी लेकीने फोन उभा करून दिला. आधी नुसतं छत दिसलं, मग सगळा वर्ग, नखाएवढ्या चेहऱ्यांचा. कोणी काही विचारलं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, सरांनी प्रमेय उलटं शिकवलंय."

"कुठलं? वाच बघू," बाई म्हणाल्या.

आता त्या पुन्हा शाळेत जायला लागल्या आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आदल्या आठवड्यात त्यांना झोप लागत नाही आणि वर्गात त्या बारीकसारीक चुकीवरूनही करवादतात. मुलं ते ओळखून असतात, आणि त्या आठवड्यात गृहपाठ सगळ्यांचा पूर्ण असतो.