पिंगळीच्या शिवारातली वाटणी

मला परभणीला उतरायचं होतं. मी पिंगळीला उतरलो. मराठवाड्यानं हैदराबादेत राहावं की मुंबईला मिळावं, यावर डब्यातल्या एका वकिलाशी वाद असा रंगला, की परभणी मागं पडली तरी मी बोलतच होतो.

परतीची गाडी दिवेलागणीनंतर होती. म्हणून शिवारात शिरलो. काळीभोर, भेगाळलेली जमीन, मधे एखादी बाभळ. उघडं असूनही ते रान देखणं होतं. एका बांधावर गणपतराव आणि किसनराव हे शेजारी शेतकरी भांडत होते. मधे काठीवर हनुवटी टेकून पारूबाई धनगरीण उभी, मागं तिचा कळप. इकडे उन्हाळ्यात रिकाम्या रानात रात्री मेंढरं बसवतात (लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धनगराला ज्वारी). दोघांनाही ही मेंढरं आजच आपल्या रानात हवी होती.

“माझा साडू हैदराबादला दफ्तरात हाय. हुकूमच आनतो,” गणपतराव म्हणाले.

“आन की. माझ्या मेव्हण्याची मुंबईच्या पुढाऱ्यांत ऊठबस हाय.”

पारूबाई मला म्हणाली, “रझाकाराच्या टायमाला हेच दोघं एका वढ्यात लपले, एक भाकर वाटून खाल्ली. आता भांडायला लांबची मानसं आनायलेत. अंधार पडला की लांडगं येतेत, त्येंला कोन हुकूम दावंल?”

माझी पांढरी टोपी बघून दोघांनी मला पंच केलं. पारूबाई काही सांगू पाहत होती. मी तिला हातानंच थांबवलं आणि काठीनं रेघ ओढली. निम्मी मेंढरं इकडं, निम्मी तिकडं.

कोकरं कळपाच्या मागं होती. त्यामुळे आया इकडं आल्या आणि कोकरं तिकडं गेली. मग जो कल्लोळ उठला, त्यात कळप उधळून ओढ्याकडं पळाला. सूर्य टेकला होता. मी बाभळीच्या काट्यांत पडलो.

“किसना, वढा आडव.”

“आडवलाय. तू कोकरं उचल, गणपा.”

धोतरं खोचून दोघं असे धावले, की मी काटे काढायचं विसरून बघत राहिलो. शेवटी सगळी मेंढरं गणपतरावांच्या रानात जमली.

“बसू दे हितंच,” किसनराव धापा टाकत म्हणाले. “उद्या माझ्याकडं.”

ना साडू लागला, ना मेव्हणा.

बांधावर भाकरी आणि ठेचा खाल्ला. तशी चव पुन्हा मिळाली नाही. मग दोघंही एकाच बैलगाडीतून मला स्टेशनवर सोडायला आले. इतका जिव्हाळा पाहून मला भरून आलं. निदान माझ्या निमित्तानं हे एक झाले, असं वाटलं आणि ते मी बोलूनही दाखवलं. आता गाडी येईलच, तुम्ही निघा, असंही म्हणालो.

“न्हाई, डब्यात बसवूनच जानार,” किसनराव म्हणाले. “न्हाईतर तुमी आनखी कुनाच्या तरी रानात शिरून वाटण्या करताल.”