लांडग्याची मैत्री

लांडगा आणि कोकरू ही गोष्ट मी त्या वर्षी चौथ्यांदा लिहीत होते. बारा पानं, पानाला दोन ओळी, बाकी सगळं चित्र. लहान मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहून देणं हे माझं काम. विश्रामबागेतल्या घरी बसून करते. संपादकांचा फोन आला, "मॅडम, कोकरू मरायला नको. दोघांची मैत्री करून टाका." वाद घालायची ताकद नव्हती. मैत्री करून टाकली.

छपाईआधी पानं मुलांना वाचून दाखवावीत म्हणून जत तालुक्यातल्या एका अंगणवाडीत गेले. तिथली सेविका माझी शाळेपासूनची मैत्रीण. एसटीतून उतरले तेव्हाच पाठ अवघडली होती. सतरंजीवर दहा-बारा मुलं बसली. लांडग्यानं कोकरावर पाणी गढूळ केल्याचा आळ घेतला, तेव्हा सगळी पुढं सरकली. मग दोघं शेजारी बसून पाणी प्यायले, तशी पुढची एक मुलगी हसली. पाचेक वर्षांची, मेंढपाळाच्या घरातली.

"आवं बाई, लांडगा आसं करतोय व्हय?"

"मग काय करतो?"

"नेतोय की. आमचं कोकरू नेलं."

"मग तू काय केलंस?"

"लय रडले. मग आय म्हनली, रडू नगं, ऱ्हायल्याली कोकरं आत घे. मग घेतली."

एवढं सांगून ती चित्रातल्या कोकराच्या कानांवरून बोट फिरवायला लागली.

परतीच्या एसटीत मी तिचं बोलणं वहीत उतरवलं. शेवट हाच ठेवायचा, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी संपादकांना वाचून दाखवला.  ते म्हणाले, "चांगलं आहे हो. पण आईबाप असलं पुस्तक घेत नाहीत."

"मुलांना कळतं," मी एकदाच म्हटलं. पुन्हा म्हणायला हवं होतं. पण त्या आठवड्यात अंगात कणकण होती, डोळे चुरचुरत होते. मी "बरं" म्हणाले.

पुस्तक मैत्रीसकट निघालं. चित्रं सुंदर आहेत. अंगणवाडीत पाच प्रती पाठवल्या, स्वतः गेले नाही. मैत्रिणीचा फोन आला, "पोरांना लय आवडलं गं." मी त्या मुलीचं विचारलं.

"ती न्हाई. बिऱ्हाड मेंढरांबरोबर नदीकडं गेलंय. कवा येत्यात, सांगता येत न्हाई."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. मग सिंह आणि उंदराची गोष्ट काढून बसले. त्यातलं जाळं संपादकांना नको होतं.